स्टिकरखालची रेघ

आमच्या दुकानात रंग मारताना सायकलीचा जो भाग झाकायचा असतो, त्याला रद्दीचे कागद गुंडाळतात. त्या रद्दीत कधी जुने दिवाळी अंक येतात. त्यांत लोकांनी आपापल्या कामाबद्दल लिहिलेले असते. कोणी नर्स, कोणी पोस्टमन, कोणी धरणावर नोकरी केलेला. मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि वाचून झाले की तेच पान नळीला गुंडाळते. सायकलीवरचे स्टिकर काढणाऱ्या बाईने लिहिलेले मला अजून सापडलेले नाही. चौथीनंतर मी याद्या सोडून फारसे काही लिहिले नाही, आणि ही वही कोणाला दाखवायचीही नाही. पण एका दुपारची भीती अजून अंगातून गेलेली नाही. ती लिहून बघते.

आधी काम सांगते, कारण स्टिकर काढायला वेगळे माणूस कशाला लागते, असे सगळेच विचारतात.

सायकल कारखान्यातून येते तेव्हा तिच्या नळ्यांवर कंपनीचे नाव, बाण, ज्वाळा, वाघाचे तोंड असे काय काय चिकटवलेले असते. कोणाला ते आवडत नाही. कोणाची सायकल जुनी झालेली असते आणि स्टिकर अर्धे उडालेले असतात, ते खरजेसारखे दिसतात. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आमचे दुकान आहे. पुढे दुरुस्ती, मागे रंगकाम, आणि मधल्या पत्र्याच्या खोलीत मी.

स्टिकर दोन प्रकारचे. काही रंगावर चिकटवून तसेच सोडलेले असतात. काहींच्या वरून पारदर्शक लॅकर मारलेले असते. पहिले सुटतात. दुसरे सुटत नाहीत, त्यांच्या मागे लागले तर रंगच निघून येतो. ओळखायचे कसे, तर डोळे मिटायचे आणि स्टिकरच्या कडेवरून नख आडवे न्यायचे. नख अडखळले तर स्टिकर वर आहे. नख सरळ सरकत गेले तर तो लॅकरच्या खाली आहे, हात जोडायचे आणि गिऱ्हाइकाला परत पाठवायचे.

सुटणारा असेल तर त्यावर गरम पाण्यातले फडके पिळून ठेवायचे. डिंक मऊ झाला की एक कोपरा नखाने उचलायचा आणि स्टिकर वर ओढायचा नाही, त्याच्याच अंगावर मागे दुमडत न्यायचा, अगदी हळू. उरलेल्या डिंकाला खोबरेल तेल. तेवढ्याने नाही गेला तर रॉकेलचा बोळा. खरवडायला मी करवंटीचा तुकडा दगडावर घासून पट्टी केली आहे. करवंटी रंगापेक्षा मऊ, ती ओरखडा काढत नाही. ब्लेड वापरायला आमच्याकडे बंदी आहे. ही बंदी लक्षात ठेवा, तिचेच पुढे सगळे आहे.

मी आधी काजूच्या कारखान्यात होते. भाजलेल्या काजूगराची साल काढायची, आणि गर अख्खा राहिला पाहिजे. तुकडा पडला की तो वेगळ्या टोपलीत, आणि मुकादम बाई त्या टोपलीकडे बघून मग तुमच्याकडे बघणार. सहा वर्षे त्या नजरेखाली काम केले. दुकानाचे मालक दत्तूशेट आमच्या वाडीतलेच. त्यांनी मला कोणाच्या तरी लग्नात बसल्या बसल्या पाण्याच्या बाटलीवरचा कागद अख्खा सोडवताना बघितले. दुसऱ्या दिवशी घरी येऊन म्हणाले, "सुमन, तुझ्या हाताला काम हाय माझ्याकडं. तिथं बोलायला लागत नाय."

त्या शेवटच्या वाक्यावर मी गेले. गिऱ्हाइकाशी बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते. गिऱ्हाइके शेट बघतात. मी आत.

आतून सगळे ऐकू येते मात्र. एकदा बँकेतले एक साहेब नवी कोरी सायकल घेऊन आले. महागाची होती, नळीवर केवढे तरी मोठे नाव. ते हळू आवाजात शेटना म्हणाले, "नाव काढा. आणि जरा जुनी दिसेल असं काही करा."

"जुनी? साहेब, लोक जुनीची नवी करायला येतात."

"घरी सांगितलंय, मित्राची वापरलेली घेतली म्हणून."

मी नाव काढले. आठ दिवसांनी त्यांच्या पत्नी स्वतः तीच सायकल घेऊन दारात उभ्या. म्हणाल्या, "ह्यांच्या मित्राची सायकल फारच छान ठेवलेली आहे हो. त्या मित्राला म्हणावं, मलाही एक वापरलेली द्या." शेट आत येऊन माझ्या खोलीत तोंडावर हात धरून हसले. मला हसू आले नाही. मला वाटले, आता मला बाहेर बोलावणार आणि विचारणार, नाव कोणी काढले.

असा माझा स्वभाव आहे. तो वाढला एका लाल सायकलीने. कामाला लागून महिनाच झाला होता. मी नख फिरवले, अडखळले असे वाटले. अडखळले ते माझ्याच नखाच्या खडबडीत कडेमुळे. स्टिकर लॅकरखाली होता. तो हलेना म्हणून मी शेटच्या कपाटातला रंग पातळ करायचा थिनर बोळ्यावर घेतला. तीन वेळा पुसले आणि बोळा लाल झाला. वाटले, बोट कापले. मग नळीकडे बघितले तर रंगाला सुरकुत्या पडल्या होत्या, दुधावरच्या सायीसारख्या. शेट ओरडले नाहीत. त्यांनी ती पूर्ण सायकल सोलून परत रंगवली आणि चार दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. तेव्हापासून कामापेक्षा मला डागाची भीती जास्त. सायकल परत देताना तिच्यावर माझ्या हातची खूण दिसता कामा नये, एवढेच डोक्यात.

आता ती निळी सायकल.

राजिवड्याहून इब्राहिमचाचा आले होते. बोटीवर इंजिनात काम करून निवृत्त झालेले, उंच, एका कानाने कमी ऐकणारे, त्यामुळे आवाज मोठा. बरोबर नात आफरीन, दहावीतली. सायकल तिच्या मुंबईच्या मामेभावाने वापरलेली, त्याने नवी घेतली म्हणून हिला पाठवली. वरपासून खालपर्यंत काळ्या कवट्या आणि कंपनीचे नाव.

"भुताची सायकल म्हणतात मला," आफरीन शेटना सांगत होती. "क्लासच्या बाहेर लावली की पोरं हात जोडतात तिला."

"मग भूत उतरवणारी हाय आमच्याकडं, आत," शेट म्हणाले.

ती माझ्या खोलीत डोकावली. माझ्याकडे बघून हसली. मी मान खाली घातली.

"क्लास कुठं गो तुझा?" शेटनी विचारले.

"मारुती मंदिराजवळ, कापडाच्या दुकानाच्या माडीवर. साडेचारला सुटतो. मग उतारावरून सरळ घरी. पायडलच मारायला लागत नाय."

"ब्रेक मारतेस काय पण?" चाचा म्हणाले.

"मारते ना. खाली बाजारात पोचल्यावर."

चाचांनी तिच्या डोक्यावर टपली मारली.

मी दोन दिवस त्या सायकलीपुढे बसले. कवट्या सुटल्या, नाव सुटले. राहिला हँडलच्या खालचा एक. हँडलखालच्या उभ्या नळीला पुढची तिरकी नळी जिथे येऊन मिळते, तिथे नावाचे शेवटचे अक्षर होते आणि त्या अक्षराला आडवी बारीक चुणी पडली होती. वाटले, चिकटवताना हवा राहिली असेल. सकाळी चाचा न्यायला येणार होते. शेटना त्याच सकाळी पोफळीला जायचे होते, तिथल्या वसाहतीत काही सायकली रंगवायच्या होत्या. जाताना म्हणाले, "चाचा आले की दे. काय बोलायला लागणार नाय, नुसती दे."

ते अक्षर तुकड्या तुकड्याने निघत होते. जोडाच्या खाचेत डिंक बसला होता, करवंटीची पट्टी तिथे जाईना. बाहेर चाचांची रिक्षा थांबल्याचा आवाज आला. तेव्हा मी रद्दी कापायचे ब्लेड घेतले. एकदाच. खाचेत एकदा फिरवले, डिंक निघाला, फडक्याने पुसले आणि तिथे केसासारखी एक रेघ दिसली. आडवी, बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी.

मला वाटले, हा मीच काढलेला. ब्लेडचा ओरखडा. मोठ्या नव्या सायकलीवर, नाही, जुनी होती, पण मला काही कळत नव्हते. मला फक्त लाल सायकल आणि शेटचे चार दिवसांचे तोंड दिसत होते. शेटच्या डब्यांत निळा रंग होता. काडीने थेंब घेतला, रेघेवर लावला, फुंकर घातली, वरून मेण चोळले. दोन मिनिटांत रेघ नाहीशी.

चाचांनी सायकल फिरवून फिरवून बघितली. "काय गो बाय, हात लय साफ हाय तुजा! नवीन वाटते."

मी "हां" म्हटले. बाहेर पडेपर्यंत मी त्यांच्याकडे बघितले नाही.

दुपारी तीन वाजून गेल्यावर मी फडकी धुवायला घेतली. तेलाची वेगळी, रॉकेलची वेगळी. खाच पुसलेले फडके हाताला लागले. त्यावर एक तपकिरी रेघ उमटली होती, दोऱ्याएवढी. पाण्यात चोळली, जाईना. नाकाशी नेली. गंजाचा वास मला लहानपणापासून माहीत आहे. समुद्राकाठी आमच्या घरातला प्रत्येक खिळा तो वास देतो.

मी हातातले फडके तसेच धरून उभी राहिले. गंज कुठून आला? ओरखडा सकाळी साडेदहाचा. पुसले सकाळी साडेदहाला. आमच्याकडे गंज लवकर धरतो, रात्रीत धरतो, पण एका क्षणात धरत नाही. भंगारात एक जुनी नळी पडली होती. तिच्यावर ब्लेड ओढले. पांढरी, चकचकीत रेघ उठली. चांदीच्या तारेसारखी.

सकाळची रेघ काळी होती.

हे मला सकाळीही दिसले होते. दिसले होते, पण मी बघितले नाही, कारण मला बघायचे नव्हते. ती रेघ ब्लेडची नव्हती. ती ब्लेडच्या आधीपासून होती, स्टिकरखाली, आणि अक्षराला पडलेली चुणी हवेची नव्हती. लोखंड तडकले होते. नेमके जिथे सगळा भार येतो तिथे. आणि मी त्यावर रंग लावून, मेण चोळून, सायकल हातात दिली होती.

घड्याळात पावणेचार झाले होते.

शेटना फोन लावला. पोफळीला रेंज नसते, फोनवरची बाई सांगत राहिली की संपर्क होऊ शकत नाही. चाचांचा नंबर शेटच्या फोनमध्ये. दुकानात दुसरे कोणी नाही. दुकान बंद करायचा मला अधिकार नव्हता, मी कधी शटरला हात लावला नव्हता. ते ओढताना अर्ध्यावर अडकले. मी त्याला लोंबकळले. ते खाली आले तेव्हा माझ्या तोंडातून आवाज निघाला, कसला ते मलाच कळले नाही.

रस्त्यावर रिक्षा मिळायला वेळ लागला. किती ते सांगता येणार नाही. मिळाली तेव्हा रिक्षावाल्याने विचारले, "कुठं वहिनी?"

"मारुती मंदिर. लवकर."

त्याने आरशातून माझ्याकडे बघितले. "कोण आजारी हाय काय?"

"नाही. सायकल."

"सायकल आजारी हाय?"

मी बाहेर रस्त्याकडे बघितले. त्याने एकदा परत आरशात बघितले आणि मग जोरात चालवली. मी डोळे मिटले की उतार दिसायचा. पायडल न मारता, हसत, वाऱ्यावर ओढणी. खाली बाजारातली गर्दी. आणि हँडल हातात राहून बाकीची सायकल मागे राहिलेली. मी मनात एकच म्हणत होते, क्लास उशिरा सुटू दे, सर तिला थांबवून ठेवू दे, शिक्षा करू दे, काहीही करू दे.

कापडाच्या दुकानाच्या जिन्याखाली सायकलींची रांग होती. मी एका टोकापासून बघत गेले. निळी नव्हती. परत बघितले. मग लक्षात आले की मी कवट्या शोधत होते. कवट्या मीच काढल्या होत्या. ती भिंतीकडेला उभी होती, साधी, निळी, चकचकीत.

मी जाऊन तिचे हँडल दोन्ही हातांनी धरले.

मुले जिन्यावरून आली तेव्हा मी तशीच उभी होते. आफरीन मैत्रिणींशी बोलत खाली आली. माझ्याकडे बघून थबकली. तिने मला ओळखले नसावे, मी तिला चेहरा नीट दाखवलाच कुठे होता.

"ओ मावशी, माजी सायकल हाय ती."

मी मान हलवली. हात सुटेनात.

"सोडा ना!" तिने हँडल ओढले. मी ओढून धरले. कोणीतरी म्हणाले, "चोर हाय गं, सरांना बोलाव." मुले भोवती जमली. सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या आयुष्यात एवढ्या माणसांनी एका वेळी माझ्याकडे कधी बघितले नव्हते. जीभ टाळूला चिकटली होती. शब्द होते, पण बाहेर येत नव्हते.

मग मी गुडघ्यावर बसले. एका हाताने चाक धरून दुसऱ्या हाताच्या नखाने हँडलखालच्या जोडावरचा सकाळचा रंग खरवडायला लागले. मेण निघाले. रंग अजून कच्चा होता, नखाखाली जमला. खाली ती रेघ.

"ए, काय करताय!" आफरीन ओरडली. आणि मग वाकली.

"तडकलीय," मी म्हटले. एवढाच शब्द निघाला. "बसू नको."

तिने चाचांना फोन केला. ते रिक्षाने आले. तोवर आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो, ती एका टोकाला, मी एका टोकाला, आणि मध्ये सायकल. चाचांनी खिशातून चष्मा काढला. रेघेवर अंगठा ठेवला. मग आफरीनला म्हणाले, "हँडल घट्ट धर," आणि मागची बैठक धरून सायकल खाली दाबली. रेघ उघडली. नख जाईल एवढी. दाब सोडल्यावर परत मिटली.

चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "बोटीवर अशी रेघ दिसली ना, तर इंजिन बंद करतात. कप्तान कितीबी ओरडू दे." त्यांचा आवाज पहिल्यांदा लहान होता. "बाय, सकाळी तुला दिसली नव्हती ही?"

नाही म्हणता आले असते. अजूनही रात्री अंथरुणावर मी कधी कधी तिथे नाही म्हणते.

"दिसली होती," मी म्हटले. "मला वाटलं, मीच ओरखडा काढला. म्हणून रंग लावला."

त्यांनी माझ्याकडे बघितले. रागाने बघतील म्हणून मी थांबले होते. ते रागाने बघत नव्हते, ते नातीकडे, उताराकडे आणि परत माझ्याकडे बघत होते. मग ते सायकल हातात धरून चालत निघाले. आफरीन मागून गेली. वळणावर तिने मागे बघितले. का, ते मला कळले नाही.

शेट संध्याकाळी आले. मी सगळे सांगितले, ब्लेडसकट. या वेळी ते चार दिवस गप्प बसतील म्हणून मी तयार होते. ते म्हणाले, "थिनरच्या वेळी मी बोललो असतो तर तू आज रंग लावला नसतास." आणि पुढे गिऱ्हाइकाकडे गेले. मी ते वाक्य अजून नीट उलगडलेले नाही. चूक माझी होती, ती मी त्यांना देणार नाही.

तेव्हापासून स्टिकर निघाल्यावर खाली काही दिसले, काहीही, तर मी त्याला खडूने गोल करते. ओरखडा असो, पोचा असो, मी केलेला असो की आधीचा. खडूचे गोल घेऊन सायकल शेटपुढे जाते. एकदा एका सायकलीवर सात गोल होते, त्यांतले दोन माझे. शेट म्हणाले, "ही काय, गोवर आलेली पोर हाय?" मी पहिल्यांदा त्यांच्या समोर हसले.

चाचा परत येतील असे मला वाटले नव्हते. दोनेक महिन्यांनी आले. नवी सायकल होती, पिवळी, कारखान्यातून आलेली, चाकाला प्लॅस्टिकसुद्धा तसेच. आफरीन बरोबर. शेट पुढे गेले तर चाचा म्हणाले, "तुज्याकडं काम नाय माजं, दत्तू. बायला बोलाव."

मी बाहेर आले.

"अजून ती बसली नाय हिच्यावर," चाचा म्हणाले. "आदी तू बग. मग देतो."

"पण स्टिकर काढायचे नायत हां," आफरीन म्हणाली. "हे मला आवडलेत." पिवळ्यावर पांढरे पक्षी होते. एक पक्षी नेमका हँडलखालच्या जोडावर.

सगळ्या जोडांवरून मी नख फिरवले, डोळे मिटून. पक्ष्याच्या कडेला नख अडखळले. म्हणजे सुटणारा होता. नवी सायकल आहे, खाली काय असणार, असे कोणीही म्हणाले असते. शेट तेच म्हणाले. आणि कच्च्या रंगाची, फाटलेल्या स्टिकरची, चाचा आणि आफरीनच्या नजरेची, सगळी भीती मला एकदम वाटली.

"हा एक काढावा लागेल," मी म्हटले. "परत लावीन."

आफरीनचे तोंड पडले. मी गरम फडके ठेवले. पंखाचे टोक नखाने उचलले आणि मागे दुमडत नेले, काजूची साल काढतात तसे, श्वास धरून. पक्षी अख्खा निघाला. तो मेणकागदावर ठेवला. जोड तेलाने पुसला, मग साबणाने, मग पांढऱ्या कोरड्या फडक्याने. फडके उजेडात धरून बघितले. चाचांनी बघितले. मी परत पुसले, परत बघितले.

फडके पांढरे होते. खाली नुसता पिवळा रंग होता.

पक्षी जागेवर लावताना माझा हात हलला.

"मावशी, तिरका लागलाय तो," आफरीन म्हणाली.

"हो," मी म्हटले. "तिरका लागलाय."

तिने एक क्षण बघितले आणि सायकलीवर बसली. चाचा आणि मी एमआयडीसीच्या सपाट रस्त्यावर ती वळेपर्यंत उभे होतो. वळताना तिने ब्रेक मारला. तो आवाज ऐकल्यावरच आम्ही दोघे दुकानाकडे वळलो.